जुन्या ध्वनिचित्रफिती संगणकावर घेताना : दोष नेमका कोठे शोधावा?



आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या अल्बमांच्या शेजारी, एखादा पुठ्ठ्याचा खोका जपून ठेवलेला असतो. त्यात १९८० आणि १९९० च्या दशकांतील ध्वनिचित्रफिती असतात. कोणाचे लग्न, कोणाचा बाप्तिस्मा, धर्मग्रामाच्या सणाची मिरवणूक, तर कधी आखातातून सुट्टीवर आलेल्या मामांनी नव्या कॅमकॉर्डरवर टिपलेले अंगणातील साधे दृश्य. त्या अंगणात बसलेली आजी आज नाही. तिचे छायाचित्र भिंतीवर आहे. पण तिची चाल, तिचा आवाज, नातवंडांना हाक मारण्याची तिची तऱ्हा मात्र त्या फितीतच उरली आहे.

या फितींना काळाची मर्यादा आहे. चुंबकीय फितीवरील लेप हळूहळू झिजतो आणि ती वाचणारी यंत्रे त्याहूनही वेगाने नाहीशी होत आहेत. व्हीएचएस पद्धतीचे व्हीसीआर बनवणारी अखेरची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. युनेस्कोच्या 'सर्वांसाठी माहिती' या उपक्रमाने २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी जगभरातील संग्रहालयांना सावध करणारी मोहीम हाती घेतली, तिचे कारणही हेच : फीत शाबूत असली, तरी ती लावायला यंत्र नसेल. संग्रहालयांची ही चिंता आपल्या कपाटातील खोक्यालाही तितकीच लागू पडते.

म्हणूनच अनेक घरांत हौशी तरुण मंडळी या फिती संगणकावर उतरवण्याच्या खटाटोपाला लागली आहेत. त्यांपैकी काहींच्या संगणकावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली असते. जुन्या कॅप्चर पेट्यांचे ड्रायव्हर विंडोजच्या नव्या आवृत्त्यांवर पुष्कळदा चालत नाहीत; लिनक्समध्ये मात्र त्यांपैकी अनेकांची सोय कर्नलमध्येच आहे. तरीही पहिल्याच प्रयत्नात चित्र उमटले, असे क्वचित घडते. कधी पडदा निळा राहतो, कधी चित्र काळेपांढरे येते, कधी आवाज नसतो, तर कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून ऐकू येतात. अशा वेळी मनुष्य अधीर होतो. फीत मागे घेऊन पुन्हा लावतो, पुन्हा मागे घेतो. ज्या फितीला वाचवायचे, तिलाच आपण या धडपडीत झिजवतो. हे टाळण्यासाठी दोष कसा शोधावा, याचा क्रम येथे मांडत आहे.

साखळी आणि तिचे दुवे

फितीवरील चित्र संगणकाच्या डिस्कवर पोहोचेपर्यंत सहा दुव्यांतून जाते : फीत, ती फिरवणारा कॅमकॉर्डर, दोहोंना जोडणारी केबल, यूएसबीला लावलेली कॅप्चर पेटी, त्या पेटीला ओळखणारा कर्नलमधील ड्रायव्हर आणि शेवटी चित्र टिपून डिस्कवर लिहिणारा प्रोग्रॅम. यांतील एकच दुवा निखळला, तरी परिणाम बहुधा एकच दिसतो : चित्र नाही. लक्षण एक आणि कारणे सहा, म्हणूनच गोंधळ उडतो. त्यावर उपाय एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहून मगच पुढे सरकावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र आले, तर कोणत्या बदलाने आले हे कळत नाही; पुढच्या रविवारी तोच दोष पुन्हा उभा राहतो.

पहिली परीक्षा फीत न घालता

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही : दोष शोधताना कॅमकॉर्डरमध्ये मोलाची फीत घालू नये. किंबहुना कोणतीच फीत घालू नये.

कॅमकॉर्डर हा मुळात कॅमेरा आहे. तो चित्रीकरणाच्या स्थितीत चालू केला, की त्याच्या भिंगासमोर जे काही असेल ते चित्र बहुतेक कॅमकॉर्डर त्याच एव्ही केबलमधून बाहेर पाठवतात, मायक्रोफोनच्या आवाजासह. म्हणजे फितीची झीज, डोक्यावरील मळ, ट्रॅकिंगचा बिघाड या साऱ्यांपासून मुक्त असा स्वच्छ संकेत आपल्याला विनामूल्य मिळतो. कॅमेरा खिडकीकडे वळवावा आणि संगणकाच्या पडद्यावर खिडकी दिसते का, ते पाहावे. खिडकी स्पष्ट दिसली, तर केबल, पेटी, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम हे चारही दुवे ठीक आहेत. फितीचे चित्र वाईट असेल, तर दोष फितीत किंवा कॅमकॉर्डरच्या वाचनयंत्रणेत शोधावा. खिडकीही दिसली नाही, तर फितीला हात लावण्याचे कारणच उरत नाही. साखळीचे असे दोन भाग पाडले, की निम्मे काम होते.

आणखी एक लाभ आहे. अनेक कॅमकॉर्डर फीत आत असताना काही मिनिटांनी आपोआप बंद होतात. फीत काढून ठेवल्यास ते चालू राहतात. बॅटरीवर विसंबू नये, वीजजोडणीचा अडॅप्टर लावावा. आपल्याकडे कॅमकॉर्डर नसून केवळ व्हीसीआर असेल, तर एखाद्या डीव्हीडी प्लेअरवर घरगुती डीव्हीडी लावून हीच परीक्षा घेता येते.

केबलची कुरबूर

खिडकी दिसत नसेल, तर आधी तीच केबल घरच्या दूरदर्शन संचाच्या एव्ही जोडणीत लावून पाहावी. तेथेही चित्र नसेल, तर संगणक निर्दोष आहे.

पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, तांबडी उजव्या आवाजाची, हे सर्वांना ठाऊक असते. पण छोट्या कॅमकॉर्डरच्या केबलचे दुसरे टोक हेडफोनच्या पिनेसारखे असते, तिच्यावर चार कडी असतात आणि त्या कड्यांचा क्रम सर्व कंपन्यांचा सारखा नसतो. त्यामुळे दिसायला हुबेहूब असलेली दुसऱ्या कॅमेऱ्याची केबल लावली, की चित्राच्या जागी आवाज जातो आणि आवाजाच्या जागी चित्र. पडदा काळा राहतो आणि स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते. अशा वेळी तांबडी किंवा पांढरी पिन पिवळ्या जागी लावून पाहावी. चित्र उमटले, तर केबल परक्या कॅमेऱ्याची आहे, एवढेच समजावे.

हाय-एट आणि एस-व्हीएचएस प्रकारच्या कॅमकॉर्डरांना पिवळ्या पिनेखेरीज एस-व्हिडिओची गोल जोडणी असते. तिच्यात प्रकाश आणि रंग यांचे संकेत वेगवेगळ्या तारांतून जातात, म्हणून चित्र अधिक नितळ येते. ही सोय असल्यास तीच वापरावी. मात्र तिच्यातून आवाज जात नाही. पांढरी व तांबडी पिन वेगळी लावावी लागते.

पेटी ओळखली गेली का?

आता संगणकाकडे वळू. पुढे येणाऱ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीच्या लहान अक्षरांत टंकाव्यात.

पेटी यूएसबीला लावून 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यावी. जोडलेल्या साधनांची यादी येते आणि प्रत्येकापुढे दोन अंकगट दिसतात. येथेच पुष्कळांची फसगत होते. बाजारात 'ईझीकॅप' या नावाने मिळणाऱ्या पेट्या बाहेरून एकसारख्या दिसल्या, तरी त्यांच्या आत निरनिराळ्या चिप असतात. वेष्टनावरील नावाला अर्थ नाही. अंकगट हीच खरी ओळख. ०५ई१:०४०८ असे दिसले, तर आत सिंटेकची एसटीके११६० ही चिप आहे आणि तिचा ड्रायव्हर २०१२ मध्ये आलेल्या ३.७ या कर्नलपासून लिनक्समध्ये आहे. १बी७१:३००२ असे दिसले, तर ती फुशिकाईची यूटीव्ही००७ आहे. तिचा 'यूएसबीटीव्ही' हा ड्रायव्हर २०१३ मधील ३.११ या कर्नलपासून मिळतो. सुरुवातीला ईबी१ए असेल, तर चिप एम्पिया कंपनीची असून तिला 'ईएम२८एक्सएक्स' हा ड्रायव्हर लागतो. परंतु १सी८८ दिसले, तर ती सोमॅजिकची चिप आहे. तिचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नाही. बाहेरची साधने आणि फर्मवेअर यांची जुळवाजुळव करावी लागते. नवख्याने त्यात रात्री घालवण्यापेक्षा दुसरी पेटी मिळवावी, हे बरे.

अंकगट ओळखीचा असूनही चित्र नसेल, तर 'डीमेसजी' ही आज्ञा द्यावी. पेटी लावल्यापासून कर्नलने काय केले, याची ती नोंदवही आहे. ड्रायव्हरचे नाव आणि 'व्हिडिओ' या शब्दापुढे एखादा आकडा दिसला, तर पेटीला जागा मिळाली आहे. वारंवार जोडणी तुटल्याच्या नोंदी असतील, तर यूएसबीची लांब जोडतार किंवा हब काढून पेटी थेट संगणकाला लावावी.

या आकड्यातही एक खाच आहे. लॅपटॉपला स्वतःचा वेबकॅम असतो आणि नव्या कर्नलमध्ये तो एकटाच 'व्हिडिओ०' व 'व्हिडिओ१' अशा दोन जागा अडवतो. आपली पेटी मग 'व्हिडिओ२' वर असते. पडद्यावर आपलाच चेहरा दिसू लागला, तर दोष काही नाही, दार चुकले आहे. 'व्ही४एल२-सीटीएल' या आज्ञेला यादी मागितली, की कोणते साधन कोणत्या दारी आहे ते ती सांगते.

साधन अन्यत्र वापरात असल्याचा संदेश आला, तर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने पेटी धरून ठेवली आहे. एका वेळी एकच प्रोग्रॅम तिच्यातून चित्र घेऊ शकतो. मागे उघडे राहिलेले व्हीएलसी किंवा ओबीएस बंद करावे. परवानगी नाकारल्याचा संदेश आला, तर आपले खाते 'व्हिडिओ' या गटात घालून एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे.

निळा पडदा आणि रंगहीन चित्र

एका संध्याकाळी मी स्वतः दीड तास निळ्या पडद्याकडे पाहत बसलो होतो. केबल बदलली, संगणक बदलला, पेटीला नावे ठेवली. दोष इतकाच होता, की केबल पिवळ्या पिनेत होती आणि प्रोग्रॅम एस-व्हिडिओच्या दाराशी वाट पाहत होता. पेटीला एकाहून अधिक प्रवेशद्वारे असतात आणि कोणते उघडायचे, ते आपण सांगावे लागते. 'क्यूव्ही४एल२' हा छोटा प्रोग्रॅम यासाठी सोयीचा आहे. त्यात प्रवेशद्वार आणि प्रसारणपद्धत या दोन्ही गोष्टी निवडता येतात. एसटीके११६० च्या यादीत कंपोझिटची अनेक दारे दिसतात; ती एकेक करून पाहावीत.

दुसरी निवड प्रसारणपद्धतीची. भारतात पाल पद्धत रूढ आहे : ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिका, कॅनडा आणि जपान येथे एनटीएससी पद्धत होती : ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे. यांपैकी काही ड्रायव्हर सुरुवातीला एनटीएससीच गृहीत धरतात. मग आपल्या पाल कॅमकॉर्डरचे चित्र वर सरकत राहते किंवा त्याचा रंग उडतो. चित्राचा आकार ७२० गुणिले ४८० असा दिसला, की निवड एनटीएससीची आहे, हे ओळखावे. पालमध्ये तो ७२० गुणिले ५७६ असतो. उलट, अमेरिकेतील नातलगांनी पाठवलेली फीत असेल, तर ती भारतीय कॅमकॉर्डरवर नीट चालणार नाही. तिला एनटीएससी वाचणारे यंत्रच हवे. तो दोष लिनक्सच्या माथी मारू नये.

आवाज कोठे गेला?

चित्र आले, पण आवाज नाही, ही पुढची तक्रार. लिनक्सच्या दृष्टीने चित्र आणि आवाज ही दोन वेगळी साधने आहेत. पेटीचे चित्र एका दारातून येते आणि तिचा आवाज एका स्वतंत्र ध्वनिकार्डाच्या रूपाने दिसतो. प्रोग्रॅमला दोन्ही स्वतंत्रपणे सांगावी लागतात. नाहीतर तो संगणकाच्या मायक्रोफोनचाच आवाज टिपतो आणि लग्नाच्या चित्रावर घरातील पंख्याची घरघर उमटते. 'पाव्हूकंट्रोल' या ध्वनिनियंत्रकात निविष्ट साधनांच्या पानावर पेटीचे नाव शोधावे आणि कॅमेऱ्यासमोर बोलून पट्टी हलते का, ते पाहावे. एसटीके११६० ची पेटी आणि जुने कर्नल असेल, तर 'अल्सामिक्सर' मध्ये तिची लाइन वाहिनी बंद असू शकते, ती उघडावी. एकाच बाजूने आवाज येत असेल, तर तो दोषच असेल असे नाही; जुन्या अनेक कॅमकॉर्डरांना एकच वाहिनी होती आणि ती पांढऱ्या पिनेवर असते.

डिस्क, वेग आणि वीज

पालचे चित्र न आकसता पेटीतून येते, तेव्हा दर सेकंदाला सुमारे २०.७ मेगाबाइट माहिती यूएसबीतून वाहते. तशीच साठवली, तर तासाला सुमारे ७५ गिगाबाइट जागा लागेल. म्हणूनच पेटी आणि बाहेरची डिस्क एकाच हबला लावू नये. दोघांची रेटारेटी होते आणि चित्रे गळतात.

मूळ प्रतीसाठी एफएफव्ही१ ही संकोचन पद्धत उत्तम. तीत चित्राचा एकही कण हरवत नाही, तरीही जागा पुष्कळ वाचते. ती 'एफएफएमपेग' या प्रोग्रॅमने थेट लिहिता येते. संगणक फार जुना असेल आणि तेवढी जागा नसेल, तर एच२६४ पद्धतीने सेकंदाला ८ मेगाबिट या दराने तासाला सुमारे ३.६ गिगाबाइट लागतात.

नोंदणी दर वेळी ठरावीक आकाराला, म्हणजे ४ गिगाबाइटला येऊन थांबत असेल, तर प्रोग्रॅमला दोष देऊ नये. बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने आखलेला आहे आणि त्या पद्धतीत याहून मोठी फाइल मावतच नाही. संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर नोंदणी करावी.

आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. फाइल एमपी४ स्वरूपात लिहिली जात असताना वीज गेली, तर शेवटची अनुक्रमणिका लिहिली जात नाही आणि सारी फाइल उघडेनाशी होते. एमकेव्ही स्वरूपात मात्र तोवरचा भाग बहुधा वाचतो. नोंदणी एमकेव्हीमध्ये करावी आणि पाहण्यासाठी एमपी४ मागाहून करावी.

ओठ आणि शब्द यांची फारकत

हा दोष सर्वांत चिवट. त्याचे दोन प्रकार आहेत आणि उपायही दोन.

पहिल्या प्रकारात अंतर हळूहळू वाढते. प्रारंभी सारे जुळलेले असते, तासाअखेर आवाज मागे पडतो. चित्र मोजणारे घड्याळ आणि आवाज मोजणारे घड्याळ वेगवेगळे असले, की हे घडते. दोहोंत दहा हजारांत एकाचा फरक असला, तरी तासाभरात ०.३६ सेकंदाचे, म्हणजे नऊ चित्रांचे अंतर पडते आणि ते डोळ्यांना खुपते. म्हणून आवाज पेटीच्याच ध्वनिकार्डातून घ्यावा, संगणकाच्या लाइन-इनमधून नव्हे. एवढे करूनही फरक उरला, तर एफएफएमपेगमध्ये आवाज वेळेनुसार ताणून जुळवणारी सोय आहे.

दुसऱ्या प्रकारात अंतर एकाएकी पडते आणि तेवढेच राहते. याचे कारण फितीवरील रिकाम्या जागा. चित्रीकरण थांबवून पुन्हा सुरू केले, तेथे क्षणभर संकेत तुटतो. पेटी काही चित्रे गाळते, आवाज मात्र वाहत राहतो. येथे घड्याळे जुळवून उपयोग नाही. फीत त्या जागी तोडून, प्रत्येक प्रसंगाची वेगळी फाइल करून घ्यावी.

दोहोंतील भेद ओळखण्याचा मार्ग पुन्हा फीत न घालताच आहे. कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी, तासभर नोंदणी चालू ठेवावी आणि शेवटी पुन्हा टाळी वाजवावी. दोन्ही टाळ्यांच्या वेळी हात आणि आवाज जुळले, तर संगणकाची व्यवस्था चोख आहे. उरलेला दोष फितीच्या संकेतातील अस्थैर्याचा आहे.

आता फीत

एवढे झाल्यावरच फीत हाती घ्यावी, आणि तीही आधी कमी मोलाची.

प्रथम तिचा प्रकार ओळखावा. जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस १९७६ मध्ये आणली आणि तिचे छोटे रूप, व्हीएचएस-सी, १९८२ मध्ये. ही छोटी फीत अडॅप्टरमध्ये घालून मोठ्या व्हीसीआरवर लावता येते. व्हिडिओ-एट आणि हाय-एट या ८ मिलिमीटर रुंदीच्या फितींसाठी मात्र असा कोणताही अडॅप्टर नाही. त्यांना त्यांचाच कॅमकॉर्डर लागतो. मिनी-डीव्ही ही तर डिजिटल फीत. तिला ही पेटी नकोच, फायरवायरची जोडणी हवी. सोनीचे काही डिजिटल-एट कॅमकॉर्डर जुन्या हाय-एट फितीही वाचतात आणि फायरवायरमधून डिजिटल चित्र देतात. असा कॅमकॉर्डर मिळाला, तर 'डीव्हीग्रॅब' या प्रोग्रॅमने काम बरेच सोपे होते. लिनक्समधील फायरवायरचा सांभाळ २०२९ पर्यंत करण्याचे नियोजन त्याच्या देखभालकर्त्याने २०२३ मध्ये जाहीर केले आहे.

लावण्यापूर्वी फीत उजेडात धरून पाहावी. कोकणपट्टीच्या दमट हवेत फितीच्या कडांवर पांढरी बुरशी धरते. अशी फीत यंत्रात मुळीच घालू नये. बुरशी डोक्यावर बसते आणि पुढच्या प्रत्येक फितीला लागते. ती जाणकाराकडे द्यावी. पावसाळ्यात यंत्राने दवाची खूण दाखवली, तर ते कोरड्या जागी काही तास तसेच राहू द्यावे. ओला ड्रम फितीला चिकटवून घेतो आणि फीत फाटते.

फीत प्रथम अखेरपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणावी, म्हणजे वर्षानुवर्षे बसलेला ताण सैल होतो. चित्रावर सर्वत्र पांढरे ठिपके दिसले, तर डोके मळले आहे. यंत्राची वीज काढून, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओली केलेली मऊ चामड्याची पट्टी ड्रमला आडवी, स्थिर टेकवावी आणि ड्रम हाताने सावकाश फिरवावा. पट्टी वरखाली कधीही घासू नये. कानातील कापसाची काडी तर वापरूच नये. तिचे तंतू डोक्यात अडकतात आणि डोके मोडते.

दूरदर्शन संचावर फीत बरी दिसते, पण संगणकावर चित्राचा वरचा भाग वाकतो किंवा पडदा मधूनच निळा होतो, असेही घडते. जुना संच अस्थिर संकेत खपवून घेतो. कॅप्चर पेटी घेत नाही. अशा वेळी कॅमकॉर्डर आणि पेटी यांच्यामध्ये एखादा डीव्हीडी रेकॉर्डर जोडून पाहावा. काही रेकॉर्डर आतून जाणारे चित्र स्थिर करून पुढे पाठवतात. चित्रावर तारीख वा आकडे उमटत असतील, तर कॅमकॉर्डरवरील डिस्प्लेचे बटण दाबून ते आधी घालवावेत. नोंदणीनंतर ते पुसता येत नाहीत.

जे दोष नव्हेत

दोन गोष्टींनी उगाच घाबरू नये. चित्राच्या अगदी तळाशी काही रेषा थरथरतात. फितीवरील डोके बदलण्याची ती जागा आहे. दूरदर्शन संच ती कडेखाली झाकत असे, संगणक झाकत नाही. दुसरी गोष्ट, हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. पालचे प्रत्येक चित्र दोन अर्धचित्रांनी विणलेले असते, सेकंदाला ५०. संगणक ती दोन्ही एकदम दाखवतो. मूळ प्रतीत हे तसेच राहू द्यावे आणि पाहण्याच्या प्रतीत एफएफएमपेगच्या 'यॅडिफ' किंवा 'बीडब्ल्यूडीआयएफ' या गाळणीने दाते काढावेत. ओबीएस वापरणाऱ्यांनी चित्राची चौकट ७६८ गुणिले ५७६ आणि वेग सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे असा आधीच ठरवून घ्यावा. ३० राहिल्यास चाल अडखळत दिसते.

नोंदणी झाल्यावर फाइल आरंभी, मध्ये आणि शेवटी उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी व कानांनी ऐकावी. मूळ प्रत दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी. आणि फीत फेकून देऊ नये. उद्या याहून चांगले यंत्र हाती येऊ शकते.

वाचकहो, हे काम कठीण नाही, पण ते उद्यावर ढकलण्याजोगेही नाही. येत्या रविवारी दुपारी खोका खाली काढा. फिती बाहेर ठेवा, कॅमेरा खिडकीकडे वळवा आणि आधी ती खिडकी संगणकावर आणा. ती एकदा स्वच्छ दिसू लागली, की मगच आजीची फीत लावा. तिला पुन्हा पुन्हा फिरवावे लागणार नाही. आणि घरातील सर्वांना त्या वेळी जवळ बोलावून घ्या. फितीतील माणसांची नावे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी आज आपल्यात आहेत, तोवर ती नावेही लिहून ठेवा.